विलायतेच्या स्कॉलरशिपचा चहा

साहेबाने चहाचा पेला गुलाबपुढे सरकवला, शेजारी बशीत एक बिस्कुट ठेवलं आणि म्हणाला, "घे."

गुलाबने माझ्याकडे पाहिलं. मी साहेबाकडे पाहिलं. अकोल्यातल्या एका कापूस कंपनीचं हे ऑफिस. साहेब तिचा एजंट, म्हणजे विलायतेतल्या मालकांचा इथला मुखत्यार. मी अमरावतीच्या इंग्रजी शाळेचा हेडमास्तर आणि गुलाब माझा विद्यार्थी. आम्ही बैलांच्या दमणीतून हाडं खिळखिळी करून घेत परीक्षेला आलो होतो.

"सर, प्रश्न कधी विचारणार?" मी इंग्रजीत म्हणालो.

"हाच प्रश्न. बोटीवर महिनोन्महिने हा काय खाणार?"

त्या काळी वऱ्हाडात चहा कोणी चाखलेलाही नव्हता. त्यातून हा खानसाम्याने केलेला, साहेबाच्या भांड्यातला. तो प्यायला की जात बाटली, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. साहेबालाही ते पक्कं ठाऊक होतं.

आता ही परीक्षा कसली ते सांगतो. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि विलायतेच्या गिरण्यांना एकदम वऱ्हाडची आठवण झाली. कापसाला सोन्याचा भाव आला. त्या भरात या कंपनीने जाहीर केलं की वऱ्हाडातल्या एका मुलाला मँचेस्टरच्या शाळेत यंत्रविद्या शिकवू. स्कॉलरशिप, म्हणजे मुलाची फी, जेवणखाण, कपडालत्ता, बोटीचं भाडं सगळं देणाऱ्याने सोसायचं. आमचे डिप्युटी, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, स्वतः वर्गात येऊन म्हणाले, "मास्तर, तुमच्या शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा द्या."

मी गुलाब दिला. वलगावच्या उकंडराव पाटलांचा हा मुलगा रोज पायी शाळेत यायचा. जाहिरातीच्या दिवसापासून पोरगं बदललंच. आधी त्याला पाटीलकीपलीकडे काही दिसत नव्हतं. आता नकाशावर बोट फिरवत बसायचा. गोठ्याच्या भिंतीवर त्याने कोळशाने आगबोट काढली. गावाने कौतुकाने त्याचं नाव 'विलायत्या' ठेवलं. एके दिवशी त्याने मला विचारलं, "मास्तर, आपला कापूस तिकडं काहून जाते? कापड इथंच काहून नाई होत?"

"यंत्रं तिकडे आहेत म्हणून."

"मंग मी यंत्र शिकून येतो. गिरणी अमरावतीले काढू."

एवढी मोठी उडी त्या शाळेत आजवर कोणी मनातसुद्धा मारली नव्हती. मी वर्षभर त्याचं इंग्रजी घोटून घेतलं, गणित घोटून घेतलं. आणि साहेबाने त्यातलं एक अक्षर विचारलं नाही.

गुलाबने पेला उचलला. "कायचा काढा हाय, मास्तर?" हळूच मला विचारलं आणि डोळे मिटून पिऊन टाकला. बिस्कुटही खाल्लं. साहेब हसला, म्हणाला, "शाबास! निकाल कळवू."

दमणीवाला खिडकीशी उभा राहून सगळं बघत होता. आम्ही वलगावात पोचलो, त्याने बैल सोडले आणि त्याचबरोबर तोंडही सोडलं. दुसऱ्या दिवशी पंच बसले. घर वाळीत पडलं. विहिरीवर पाणी बंद, पंगतीला बोलावणं बंद. गुलाबच्या धाकट्या बहिणीची, यमुनेची सोयरीक नांदगाव खंडेश्वरला ठरली होती. तिकडून निरोप आला, आधी घर शुद्ध करा, मग बोलू.

उकंडराव मात्र डगमगले नाहीत. "पोरगं विलायतेले जाऊन राह्यलं," ते सगळ्यांना सांगायचे. "साहेब होऊन आलं की हेच लोक दारात उभे राह्यतीन."

पण निकाल येईना. दरम्यान अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव धाडकन आपटला. शेवटी मीच अकोला गाठलं.

"गुलाबचा निकाल काय झाला, सर?"

"कोण गुलाब? अच्छा, तो मुलगा! अहो, ती स्कॉलरशिप मंजूर कधी झालीच नव्हती."

"मग परीक्षा कशाची घेतलीत?"

"इथली मुलं तयार होतात का, ते पाहायचं होतं. मालकांना रिपोर्ट हवा होता. तुमच्या मुलाबद्दल मी फार चांगलं लिहिलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गावाने त्याला वाळीत टाकलंय. बहिणीचं लग्न अडलंय."

"एका चहासाठी? तुमचे लोक मोठे विचित्र आहेत."

"विचित्र आहेत हे माहीत होतं, म्हणूनच तुम्ही पुस्तकाऐवजी चहा ठेवलात ना?"

साहेबाने घंटी वाजवली. पट्टेवाल्याने मला बाहेरची वाट दाखवली. पाठोपाठ डिप्युटींचा ठपका आला, कंपनीच्या साहेबांशी उद्धट वर्तन केल्याबद्दल. पोराशी जे झालं त्याबद्दल कोणावरच ठपका नव्हता.

मी वलगावला गेलो. मारुतीच्या पारावर पंच बसले होते. मी तोंड उघडताच थोरले पंच म्हणाले, "मास्तर, तुमी आमच्या जातीत नोका पडू."

उकंडराव उठले. "मी पडतो. तुमी सारे त्याच साहेबाले कापूस इकता. त्याच्या हातचा पैसा चालते, अन् चाहा चालत नाई?"

"पैसा तोंडात नाई घालत, पाटील."

यावर पार खो खो हसला. माझ्या हातात त्या क्षणी शाळेतली छडी नव्हती, हे पंचांचं नशीब. साहेबाने पोराला प्रयोगासाठी वापरलं आणि हे त्याला उदाहरणासाठी वापरत होते. दोघांच्या मध्ये पोरगं भरडून निघालं, आणि दोन्हीकडचे लोक स्वतःला शहाणे समजत होते.

यमुना पारासमोरच्या आपल्या घराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिच्याकडे पाहून बापाशेजारी उभा असलेला गुलाब म्हणाला, "प्रायश्चित्त घेतो." डोकं भादरलं. पंचगव्य प्यायला. भटजी म्हणाले, "म्हण, माझी चूक झाली." त्याने पंचगव्याची वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "यमुनीसाठी म्हणतो. झाली."

यमुनेचं लग्न लागलं. गुलाब शाळेत परत आला नाही. मी बोलवायला गेलो तेव्हा तो गोठ्याची भिंत शेणाने सारवत होता. आगबोट अर्धी झाकली गेली होती.

"अरे, इंग्रजी तरी पुरं कर."

"कायले? पंचगव्य परवडलं, मास्तर. त्या चाहाची चव अजून जात नाई."

पुढे तो पाटील झाला. शेती उत्तम केली. 'विलायत्या' हे नाव मात्र सुटलं नाही, आणि आता त्यात कौतुक नव्हतं. त्याचा मुलगा माझ्याच शाळेत आला, बापासारखाच चलाख. मी पेन्शनीत निघायच्या वर्षी नवे डिप्युटी तशीच एक जाहिरात घेऊन आले. नवी कंपनी, नवे साहेब, तीच विलायत. पोराचे डोळे चमकले. मी गुलाबला बोलावून घेतलं आणि डिप्युटींसमोरच त्याला जाहिरात वाचून दाखवली.

त्याने शांतपणे ऐकलं. म्हणाला, "जाऊ द्या त्याले. माई ना नाई. पण आधी साहेबाले वलगावात येऊन आमच्या घरी जेवू द्या. भाकर अन् ठेचा. खाल्ला, का पोरगं तुमचं."

डिप्युटी हसले. "काहीतरीच काय, पाटील! साहेब गावात कुठे जेवतात?"

"म्हणजे साहेबांची जात आमच्यापेक्षा कडक दिसते," मी म्हणालो, आणि जाहिरात घडी करून त्यांच्या हातात परत दिली.

स्कॉलरशिप घेणाऱ्याच्या आधी देणाऱ्याची परीक्षा घ्यावी, एवढंच मी या नोकरीत शिकलो. त्या परीक्षेला वलगावात अजून कोणी बसायला आलेलं नाही.