अंगठ्याआधी

आम्ही दोघे एकाच मिशन कॉलेजातून बी.ए. झालो. मी चांद्याच्या तहसील कचेरीत कारकून झालो, तो जंगलातल्या मिशन शाळेत मास्तर. रविवारी चर्चमध्ये भेट व्हायची. शास्त्रपाठाच्या वेळी आम्ही आपापलं पुस्तक मनात वाचायचो, तो मात्र शेजाऱ्याला ऐकू जाईल असा मोठ्याने वाचायचा. मी एकदा म्हटलं, "मास्तर, आम्हाले वाचता येते."

"तुम्हाले येते, भाऊ. मागच्या बाकावरच्या बाईले नाई येत."

एकदा तो त्याच्या गावच्या एका म्हातारीला घेऊन कचेरीत आला. तिच्या नावाचा अर्ज गावच्या जुन्या मालगुजाराने, म्हणजे जमीनदाराने, लिहून पाठवला होता. मी अंगठ्यासाठी शाई पुढे केली. तो म्हणाला, "आधी वाचून दाखवा."

मागे रांग होती. मी कंटाळून वाचलं : शेत राजीखुशीने सोडून देत आहे.

"मी तं हद्द मोजून मागतली," म्हातारी म्हणाली. "शेत काऊन सोडू?"

मी अर्ज रद्द करून नवा लिहिला आणि मोठ्याने वाचला. जाताना तो म्हणाला, "बी.ए. झालो आपण. एवढं तं करू."

त्या टेबलावर मला अकरा वर्षं झाली होती. तोवर मी कोणालाच अर्ज वाचून दाखवला नव्हता.