लाटेवरची वाकळ

माफी मागूनच सुरुवात करतो. आमच्या घराण्यात आजवर झालेलं सगळ्यात मोठं लेखन म्हणजे मेंढरांच्या पाठीवर लावलेला लाल रंगाचा ठिपका. (हे लेखन आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. दर वेळी लोकर कातरली की नवी आवृत्ती निघते.) अशा घरातल्या मुलाने कागद पुढे घेऊन बसावं, हा आगाऊपणाच आहे. पण हा प्रकार दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगितलेला बरा. कारण माझे चुलते अण्णा तो सांगतात, तेव्हा त्यात मी रडतो. मी रडलो नव्हतो. डोळ्यांत खारं पाणी गेलं होतं.

तर, मी समुद्राच्या लाटेवर चालवायची हवेची चटई तयार केली. मी आटपाडी तालुक्यातला आहे.

आमच्याकडे लाट येते ती उन्हाची. त्यामुळे पाण्याची लाट मी पहिल्यांदा पाहिली ती कॉलेजच्या सहलीत, कोकणात. मी सातारला अण्णांकडे राहून डिप्लोमा करतो, मेकॅनिकलचा. तर कोकणात त्या किनाऱ्यावर नाईकसर नावाचे एक गृहस्थ पर्यटकांना फळीवर झोपून, मग उभं राहून लाटेवरून घसरायला शिकवतात. फळी कडक. नवशिक्याची फळी सुटली की दुसऱ्या नवशिक्याच्या दातावर बसते. सर म्हणाले, "परदेशात काही लोक हवेच्या मऊ चटया वापरतात. घरी हाताने बनवतात. तुम्ही मेकॅनिकलवाले ना? जमेल का कुणाला?"

सगळा वर्ग समुद्राकडे बघू लागला. मी म्हणालो, "होय सर."

याचं कारण हुशारी नव्हे. कुणीही सर काहीही बोलले की मी "होय सर" म्हणतो. घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला असल्यामुळे, दुसरं काय म्हणतात ते मला कुणी शिकवलेलं नाही.

सर खूश झाले. "पावसाळ्याआधी आमचं काम बंद होतं. त्याच्या आत घेऊन ये. चांगली चालली तर सुट्टीत इथंच राहा, माझ्या शाळेसाठी चटया बनव. पगारी काम!"

हे मी घरी येऊन सांगितलं आणि तिथेच फसलो. अण्णा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आता एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर उभे असतात आणि कारखान्याचा मालकसुद्धा त्यांच्यासमोरून ताठ चालतो. त्यांचं पहिल्यापासून म्हणणं, बिरूने, म्हणजे मी, फौजेत भरती व्हावं. ते म्हणाले, "ठीक हाय. कर तुजी चटई. जमली तर मी गप. न्हाई जमली तर सकाळी उठून माज्याबरोबर पळायचं. भरती होईस्तोवर! मंजूर?"

"होय अण्णा," मी म्हणालो. (सवय!)

आता ही चटई म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. नायलॉनचं कापड, त्याला एका अंगाने प्लॅस्टिकचा पातळ लेप. लेपाला लेप लावायचा, वर कागद ठेवायचा आणि इस्त्री दाबायची, की दोन्ही कापडं चिकटतात. अशा रेघा मारत गेलं की शेजारी शेजारी लांब नळ्या तयार होतात. एका टोकाला हवा भरायचं तोंड. शिवण कुठेही नाही, कारण सुईचं एक भोक म्हणजे सगळी मेहनत फुस्स. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हवा अर्धीच भरायची. चटई ढिली असली तरच ती लाटेच्या अंगावर अंग टाकते.

ही शेवटची गोष्ट आमच्या घरात कुणालाही पटली नाही.

काकूच्या इस्त्रीने मी पहिली चटई तयार केली. (काकूच्या दोन साड्या आणि माझा एक अंगठा त्यात कामी आला.) अर्धी हवा भरून ती गच्चीवर ठेवली आणि कॉलेजला गेलो. पुढचं मला नंतर साक्षीदारांकडून कळलं.

काकू पापड वाळत घालायला वर आली. तिला चटई मलूल दिसली. "पोरगं फुकून फुकून दमलं असंल," म्हणून तिने तोंड लावून जमेल तेवढी हवा भरली. मग शेजारच्या निकमकाकू आल्या. त्यांनी सायकलचा पंप आणला. दुपारी अण्णा ड्यूटीवरून आले. त्यांनी चटईत अंगठा दाबला. अंगठा आत गेला. ज्या माणसाने आयुष्यभर चादरीवर सुरकुती चालवून घेतली नाही, त्याला हे कसं सहन व्हावं?

"ढीला काम नहीं चलेगा!" म्हणत अण्णांनी चटई खांद्यावर टाकली आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. "ट्रॅक्टरला भरतोस तेवढी भर."

मी परत आलो तेव्हा चटई गच्चीवर उन्हात पडली होती. चटई कसली, तो ओंडका झाला होता. अण्णा तिच्यावर थाप मारून म्हणाले, "आता बग! आवाज बग कसा येतोय!"

"अण्णा, हवा सोडा! आधी हवा सोडा!"

"का रं? फुकट भरून दिलीय त्यानं..."

आणि आवाज आला. सातारच्या डोंगरावरून तो परतही आला. अण्णांनी "लेट जाओ!" म्हणत स्वतःला जमिनीवर झोकून दिलं, जाताना मलाही खाली घेतलं. निकमकाकूंनी आपला कुकर फुटला समजून गॅस बंद केला आणि कुकर शाबूत बघून त्या आणखी घाबरल्या. पापड पार तीन गच्च्यांवर पोहोचले. हवेचं तोंड तर आम्हाला आजपर्यंत सापडलेलं नाही.

बराच वेळ पडून राहिल्यावर अण्णा पडल्या पडल्याच म्हणाले, "माल कच्चा व्हता तुजा."

 मी ठरवलं, दुसरी करायची. आणि ती अशा ठिकाणी, जिथे पंक्चरवाला नाही.

उरलेलं कापड घेऊन गावी गेलो. गावात पंक्चरवाला आहे, पण त्याच्याकडे वीज नसते. एवढा भरवसा पुरेसा होता. वीज आमच्याकडेही येऊन जाऊन. इस्त्री तापली की मी धावत यायचो, रेघ मारायचो, वीज गेली की बसायचो. आई चुलीपुढून बघत होती. आईच्या हातच्या वाकळी पंचक्रोशीत प्रसिद्ध. जुनी लुगडी, धोतरं थरावर थर घालून ती अशी टाके घालते की थंडीला आत शिरायला जागा मिळत नाही.

"वाकळंगतच हाय की ही," ती म्हणाली. "पर टाकं कुठं हायती?"

"टाकं नसत्यात आई हिला. चिकटवलंय."

"बिनटाक्याची वाकळ? आन् ती कुनाला द्यायची म्हनतोस?"

"सरांना. कोकणात."

"परक्याच्या घरात चाललीया व्हय," आई म्हणाली आणि गप्प झाली. मी इस्त्रीकडे लक्ष दिलं. आईच्या गप्प होण्याकडे द्यायला हवं होतं.

चटई पूर्ण झाली. हवा गळते का हे बघायला ती पाण्यात बुडवावी लागते. आमच्याकडे बुडवण्याइतकं पाणी एकाच ठिकाणी असतं, मेंढरांच्या हौदात. आबा काठी टेकून उभे राहिले. "लवकर आवर. मेंढरं यायची येळ झाली."

एक बुडबुडा नाही! मी चटई दोनदा दाबून पाहिली. नाही म्हणजे नाही. तेवढ्यात मेंढरं आली. आमच्या थोरल्या मेंढ्याने आपल्या पाण्यात हे काय नवीन म्हणून चार पावलं मागे घेतली आणि धडक दिली. चटईने त्याला जसाच्या तसा परत पाठवला. तो खाली बसला. मग उठून दुसऱ्या बाजूने पाणी प्यायला. ह्या मेंढ्याने सरपंचाची मोटारसायकल पाडलेली आहे. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "चांगली झालीया." आबांनी आयुष्यात माझ्याबद्दल वापरलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

मी हवा काढून चटई गुंडाळली आणि समाधानाने झोपलो. सकाळी निघताना आईने ती दोरीने बांधून हातात दिली. म्हणाली, "आता बिनघोर जा." गाड्या बदलत बदलत मी कोकणात पोहोचलो.

नाईकसर कामाचे शेवटचे दिवस आवरत होते. "आणलीस? बरं झालं. भरती चांगली आहे, चल लगेच. पोहता येतं ना?"

"होय सर," मी म्हणालो.

हे खोटं नव्हे हो. ते तोंडातून आपोआप आलं. मी आमच्या तालुक्याबद्दल वर सांगितलंच आहे.

चटईत अर्धी हवा भरली. कुठून तरी बारीक फुस्स असा आवाज येत होता. पण समुद्र मी आयुष्यात दुसऱ्यांदाच ऐकत होतो, मला वाटलं, तो असाच वाजत असेल. सरांनी मला चटईवर पालथं झोपवलं, पुढचे दोन कोपरे मुठीत धरायला लावले, कमरेएवढ्या पाण्याच्या जरा पुढे नेलं आणि लाट आली तसं ढकललं.

आणि चटई चालली! खरं सांगतो, लाट अंगाखालून उचलली गेली आणि मी तिच्यावरून लोण्यावरून घसरावं तसा घसरत निघालो. सर मागून ओरडत होते, "वा! वा! कोपरा दाब! उजवा!" मी उजवा दाबला. चटई उजवीकडे वळली! मी बनवलेली वस्तू माझं ऐकत होती. माझ्या तोंडात वारा गेला, आनंद गेला, आणि मग पाणी गेलं.

कारण चटई वळली ती थेट परत आत, समुद्राकडे. आणि माझ्या पायाशी बुडबुडे येऊ लागले. मागे बघतो तर मागच्या कोपऱ्यातून फेसाबरोबर काहीतरी पांढरट, भुरभुरीत बाहेर पडतंय! त्याच्याभोवती मासे जमलेले. वरून दोन पक्षी खाली आले. चटई माझ्याखाली पाघळत चाललेली, माशांची पंगत बसलेली, आणि मी मधोमध "सर! सर!" करतोय.

सरांनी मला दंडाला धरून वाळूवर आणून टाकलं. "पोहता येतं म्हणालास ना?"

"होय सर," मी पाणी ओकत म्हणालो.

मग आम्ही दोघांनी चटई उलटी केली. मागचा कोपरा ब्लेडने कापलेला, आणि लाल दुहेरी दोऱ्याने, अगदी दाट, देखण्या टाक्यांनी परत शिवलेला. आत बोट घातलं. भाकरी. ज्वारीची. भिजलेला चतकोर.

सरांनी तो चतकोर तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिला. "हे कशासाठी असतं? तोल सांभाळायला?"

मी आईला फोन लावला.

"आई, चटईत भाकरी घातलीस?"

"मग! सकाळी तू आंघुळीला गेल्तास तवा घातली. का रं, सांडली व्हय?"

"आई, ती हवेची हाय! तिला भोक पाडत न्हाईत!"

"आरं, वाकळंच्या पोटात घास घातल्याबिगर ती घरातनं भाईर काढत्यात व्हय कुटं? माज्या आयेनं मला शिकवलंय. उपाशी वाकळ पांगरनाऱ्याची झोप खाती. आन् ही तर तुज्या हातची पयलीच. उपाशी धाडू व्हय तिला, एवढ्या लांब?"

फोन स्पीकरवर होता.  सर खाली वाकून म्हणाले, "नमस्कार ताई. चटई पोहोचली."

"जेवला का तुमी?" आईने विचारलं.

निघताना सरांनी चटई ठेवून घेतली आणि म्हणाले, "बघतो. कळवतो."

आमच्याकडे मुलगी बघायला आलेली माणसं पोहे खाऊन, हात धुऊन "कळवतो" म्हणतात. त्याचा अर्थ त्या घरातल्या शेळीलाही कळतो. मी सातारला परतलो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अण्णांनी पांघरूण ओढलं. "चल बेटा. दौड!"

मी पळू लागलो. पाऊस आला तरी पळत होतो. छाती फुगवून मोजून घेतली, अण्णांनी अंगठा दाबून बघितला आणि म्हणाले, "ढिला हायेस." इथे मी हवा भरायला नकार दिला.

आणि एका सकाळी, पळताना, फोन वाजला. नाईकसर!

"बिरू, तो कोपरा कापून टाकला आणि नवीन रेघ मारली इस्त्रीने. पाऊस लागेपर्यंत रोज चालवली तुझी चटई. एकदाही गळली नाही. दिवाळीच्या सुट्टीत ये, काम तुझं. फक्त येण्याआधी पोहायला शीक. खरंखुरं. नुसतं 'होय सर' नको."

मी रस्त्यात उभा राहिलो. अण्णा पुढे जाऊन वळून आले. "काय झालं रं?"

"अण्णा, जमलं."

अण्णांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. दिलेला शब्द फौजी माणूस मोडत नाही. त्यांनी बुटाची नाडी सोडून परत बांधली. मग म्हणाले, "पळणं बंद. उद्यापासनं पोहणं. येळ तीच!"

मोठ्यांच्या वर्गात जागा नव्हती, म्हणून तलावावर मला बालवर्गात घातलंय. माझ्या पाठीला डबा बांधतात. वर्गात मी पहिला आहे, उंचीत. कठडा मात्र मी पहिले काही दिवस सोडलाच नाही. आजूबाजूला एवढं पाणी, पोहायला शिकवणारे सर ओरडतायत, मी डोळे घट्ट मिटून, दोन्ही हातांनी कठडा आवळून जिवाच्या आकांताने पाय मारतोय. शेवटी शेजारी पोहणाऱ्या एका चिमुरडीला माझी दया आली. ती जवळ आली आणि तिने मला जी बातमी दिली, ती त्या तलावावर माझ्याशिवाय सगळ्यांना आधीच ठाऊक होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही उभे राहा ना. इथं पाणी तुमच्या गुडघ्यापर्यंतच आहे."