सगल्यात मोठा जोर कवरा?

त्या रविवारी सकाळी बोनकोड्यात आमच्या गल्लीतल्या बायकांची शेजारच्या गल्लीशी रस्सीखेच होती. आमच्या बाजूला सगळ्यात शेवटी, दोर पाठीवर घेऊन, माझ्या सासूबाई उभ्या होत्या. साठी ओलांडली तरी पाय रोवले की त्या हलत नाहीत. त्यांच्या पुढे मी. माहेर कराडचं, घरीच बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते, दोर ओढायचा अनुभव शून्य. शिट्टी वाजली, जोरात ओढाओढ झाली आणि फट्कन दोर मधोमध तुटला. आम्ही सगळ्या एकमेकींच्या अंगावर. लागलं कुणालाच नाही, हसून हसून मात्र पुरेवाट झाली.

दुपारी जेवणं झाल्यावर सासूबाई सोफ्यावर बसून गुडघ्याला बाम चोळत होत्या. एकदम म्हणाल्या, "गो, त्या दोराला तेवराच जोर झेपला, म्हनून तुटला ना?"

"हो, आई."

"मंग लोखंडाचा घेतला तर जास्त झेपल. त्याच्याहून मजबूत घेतला तर आनखी. ह्याला कुठं शेवट हाय का नाय? सगल्यात मोठा जोर कवरा?"

"शेवट नाही. लावाल तितका," मी शिकवायच्या आवाजात सांगून टाकलं आणि भांडी घासायला गेले.

पण कढई घासता घासता मनात आलं, हे आपल्याला सांगितलं कुणी? एम.एस्सी.ला असताना कुणीतरी ओझरतं म्हणालं होतं की बलालाही कमाल मर्यादा असावी. तेव्हा परीक्षेत येणार नाही म्हणून सोडून दिलं होतं. नळ बंद केला आणि ओल्या हातांनीच हॉलमधल्या शिकवणीच्या पांढऱ्या फळ्यासमोर उभी राहिले.

गुरुत्वाकर्षणाचा साधा नियम लिहिला. दोन सारख्याच जड वस्तू घ्यायच्या. वजन वाढवलं की ओढ वाढते, जवळ आणलं की आणखी वाढते. मग जवळ आणायचं तरी किती? इथे मी थबकले. थोड्या जागेत फार वस्तुमान कोंबलं की कृष्णविवर होतं. त्याच्या कडेच्या आत शिरलेलं काहीच परत येत नाही, म्हणजे जवळ जाण्याची हद्द तीच. आणि वस्तू जितकी जड, तितकी ती कड लांब. वजनाने ओढ वाढणार, अंतराने कमी होणार. शेवटी वरचढ कोण ठरणार?

सूत्रात अंतराच्या जागी त्या कडेचं अंतर घातलं. वर वस्तुमानाचा वर्ग आला. खालीही वस्तुमानाचाच वर्ग! दोन्ही खोडले. मुंगी घ्या नाहीतर तारा, उत्तरात वजनाचा मागमूस नाही. उरला फक्त प्रकाशाचा वेग, चार वेळा गुणलेला, आणि खाली गुरुत्वाचा स्थिरांक, चारपट.

"आई, कटलं!" मी ओरडलेच.

"काय कापला? बोट?" त्या लंगडत धावत आल्या.

"बोट नाही, वजन! वजन कटलं! शेवट आहे, आई. तुम्ही म्हणालात तो आहे!"

मोबाईलवर आकडा काढला. तिनावर त्रेचाळीस शून्यं, तेवढे न्यूटन. मी एकेक शून्य मोठ्याने म्हणत फळ्यावर काढत गेले. ओळ कडेला जाऊन वळली, तशा सासूबाईही माझ्याबरोबर म्हणायला लागल्या.

हा काही काटेकोर पुरावा नव्हे, ढोबळ हिशेब. जाणकारांत या मर्यादेवरून अजून वाद आहेत, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते कानाआड केलं.

"मंग एवरा जोर कोनी लावला तर?"

"दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळतात ना, ती त्याच्या आसपास जात असतील. आपल्याला नाही जमणार."

"आपन कशाला लावायचा," म्हणत त्यांनी फोन उचलला आणि नणंदेला लावला. मी फळ्यासमोर उभी राहून ऐकत होते. "अगो, वहिनीनी जगातला सगल्यात मोठा जोर काढला. हा, आत्ताच, भांडी टाकून. वजन कापला म्हनते. नाय गो, बोट बरा हाय."