मंडल्याला जाणारी गाडी

लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर मिळायचं. आमच्या ह्यांचा स्वतःचा एकच ट्रक. गावच्या कारखान्याला खोक्यांसाठी लागणारं लाकूड ते मंडल्याहून आणत. गाडी किती मैल चालली, हे वहीत लिहायचं आणि महिनाअखेरी वही दाखवली तरच पुढची कुपनं. ह्यांचं अक्षर ह्यांनाच लागत नसे, म्हणून वही माझ्याकडे आली. नवी नवरी मी, चौथी पास, आणि तोरा असा की कचेरी मीच चालवते.

महिना संपला तसं कुपनं देणाऱ्या साहेबांनी आम्हा दोघांनाही कचेरीत बोलावलं. त्यांनी वही उलटी पाहिली, सुलटी पाहिली.

“ये गाड़ी मंडला जाती है. फिर जाती है. फिर जाती है. आती कब है?”

“रोज येते की!” मी पदराआडून म्हणाले.

“हमारे हिसाब से तो मंडला में खड़ी है. फिर बाहर किसकी है?”

आता मीच गोंधळले. खिडकीतून वाकून पाहिलं. आमचीच होती.

“परतीचं काहून नाही लिहिलं?” हे दातओठ खात म्हणाले.

“घरी आलेल्या माणसाचं काय लिहायचं? समोर बसून भाकर खाऊन राहता, मला दिसत नाही?”

“मग सकाळीच लिहायचं ना, जाणं-येणं मिळून!”

“तुम्ही वाटेत, आणि मी लिहू आले म्हणून? नजर लागते अशानं!”

साहेबांनी कपाळ धरलं. पेट्रोल जळालं जाण्यायेण्याचं, मैल लिहिलेले नुसते जाण्याचे. बाकीचं पेट्रोल आम्ही काळ्या बाजारात विकलं, वर टॅक्सही बुडवला, असा त्यांचा हिशेब. “कूपन बंद,” ते म्हणाले.

ह्यांचा चेहरा उतरला. कुपन नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर चूल नाही, एवढं मलाही कळलं. पेट्रोल पळवलं कोणी, ते मात्र कळेना. खरं सांगते, क्षणभर मला ह्यांचाच संशय आला!

“अहो, पण गाडीत तो मैलांचा मीटर आहे ना,” मी ह्यांना विचारलं, “तो येताना बंद असतो का?”

मग साहेब उठून बाहेर गेले, मीटर वाचला, मागच्या महिन्याचा आकडा काढून ताडून पाहिला. मी लिहिले होते त्याच्या दुप्पट मैल निघाले. त्यांनी कुपनं ह्यांच्या हातात ठेवली आणि मला म्हणाले, “बहनजी, अब से आना भी लिखना.”

दुसऱ्या दिवशी हे गाडी सुरू करायचा हँडल घेऊन निघाले. दारातून मोठ्यानं म्हणाले, “जातो गं!”

“काय म्हणालात?”

“जातो. एकच रकाना भर, तुला सोपं.”

मी हँडल हिसकावला आणि आत पळाले. आमचा सारा मोहल्ला, अख्खं चेरीताल, बघून राहिलं होतं. “माझे आई, येतो! येतो म्हटलं ना, दे आता!” असं त्यांनी तीनदा म्हटलं, तेव्हा दिला.

मग जाण्याचे मैल लिहिले. परतीचा रकाना कोरा ठेवला. साहेबांचं ऐकायचं होतं, पण दारात हॉर्न वाजल्यावर.