रंभाबाईची पारख

धरणाच्या काठावरच्या त्या वस्तीत कुणाला काही पारखून घ्यायचं असलं, की रंभाबाईला सोबत न्यायची रीत होती. कासारसाईहून लग्न होऊन आली त्याच वर्षी सासऱ्यांनी बाजारातून म्हैस आणली. नव्या सुनेनं कासेला हात लावला आणि म्हणाली, एक सड बंद हाय. सासऱ्यांनी तोंड वाकडं केलं, पण संध्याकाळी धार काढायला बसल्यावर तिचंच खरं निघालं. तेव्हापासून घागर असो, बियाणं असो, की लेकीला सांगून आलेलं स्थळ असो, बाया म्हणायच्या, रंभाबाईला एकदा दाखवा.

तिचा नवरा भैरू मऊ स्वभावाचा. भाताची चार खाचरं करायची आणि उरलेल्या दिवसांत धरणात जाळी टाकायची, हा त्याचा उद्योग. बायको निवडील ती चप्पल तो पायात घाली आणि वर चारचौघांत सांगे, आमच्या हिनं घेतलीया, दोन पावसाळे काडंल.

चार वर्षांपूर्वी त्याचा घडीचा चाकू पाण्यात पडला. मासे धरणाऱ्याला खिशात चाकू लागतोच. अडकलेला तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, तोडायला, काठावर भाकरीबरोबर कांदा चिरायला, जाळ्यात शिरलेली काटकी काढायला. म्हणून दोघं पौडला हैबतरावांच्या दुकानात गेली. विळे, कोयते, कुदळी असा सगळा लोखंडी माल तिथं मिळायचा. हैबतरावांनी कागदावर पाच-सहा चाकू मांडले. भैरूला एक लगेच आवडला. त्याच्या पात्याला भोक होतं, त्यात अंगठा टेकवून ढकललं की पातं उघडायचं.

रंभाबाईनं तो दोनतीनदा उघडझाप करून बघितला आणि खाली ठेवला. म्हणाली, "खिशात आपसूक उघडला म्हंजी? दिसभर होडीत उकिडवं बसताय तुमी. मांडीत घुसंल."

मग तिनं स्वतः एक निवडला. शिसवी मूठ, पितळी खिळे, जाड पातं, आणि बिजागरी अशी घट्ट की एका हातानं मूठ दाबून धरून दुसऱ्या हाताचं नख पात्याच्या खाचेत घालावं तेव्हा कुठं तो उघडे. भैरूचं नख दोनदा सटकलं. तो हसला. हैबतराव म्हणाले, वापरून सैल होईल. चाकू घेतला.

तो सैल झाला नाही. रोजच्या पाण्यानं बिजागरीत गंज धरला आणि उलट तो जास्तच घट्ट होत गेला. आठवण झाली की रंभाबाई त्यात खोबरेल तेलाचा थेंब सोडी. नेहमी आठवण व्हायचीच असं नाही.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी भैरू जाळी काढायला गेला तो जेवायला परतला नाही. वारा होता. पलीकडच्या काठाच्या लोकांना त्याची होडी उलटी दिसली. तो सापडला तेव्हा दुपार टळून गेली होती. पाण्याखालच्या झाडाच्या खोडाला जाळं गुंतलं होतं, ते ओढता ओढता होडी कलली असावी. तंगुसाचे वेढे त्याच्या उजव्या मनगटाला आणि दोन्ही घोट्यांना पडले होते. डावा हात मोकळा होता. त्या हाताच्या मुठीत चाकू होता आणि पातं बोटभर उघडलेलं होतं. खालचा ओठ फाटला होता. लोक म्हणाले, खडक लागला असंल. एका हातानं उघडेना म्हटल्यावर माणूस दात लावतो, हे रंभाबाईला कळत होतं.

पोलिसांनी नंतर त्याच्या वस्तू दिल्या. मोबाईल, तंबाखूची डबी, चाकू. हवालदारानं यादी करताना चाकू उघडून बघायला घेतला. त्याला दोन्ही हात लावावे लागले, तेही जोर करून. रंभाबाई समोर बसून ते बघत होती.

तेराव्यानंतर ती वस्तीतल्या कुणाबरोबर खरेदीला गेली नाही. शेजारची धोंडाबाई नातसुनेच्या जोडव्यांसाठी बोलवायला आली, तर गुडघे दुखतात म्हणाली. गुडघे तिचे धडधाकट होते. आपण काय केलं हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. लोक हळहळत, भैरूचं नशीब म्हणत, आणि ती मान हलवी.

तिचा मुलगा साहिल मुळशीच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला होता. उन्हाळ्याच्या तोंडावर मालकानं माणसं कमी केली, त्यात त्याचं काम गेलं. आठवडाभर तो घरात बसला, मग उठून त्यानं आबांची, म्हणजे बापाची, होडी घासायला घेतली. रंभाबाईनं विरोध केला, दोन दिवस अन्न टाकलं. साहिल चोविशीचा, बापासारखा मऊ नव्हता. म्हणाला, पाणी समोर हाय आणि जाळी घरात हायेत, मग मी दुसऱ्याच्या दारात कशाला उभा ऱ्हाऊ? शेवटी ती एवढंच म्हणाली की धड चाकू घेतल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही.

साहिलनं मोबाईलवर एक चाकू काढून दाखवला. त्यात कात्री होती, करवत होती, बाटली उघडायचा आकडा होता. तिनं नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी दोघं पौडला गेली.

हैबतरावांनी तिला ओळखलं. बसायला स्टूल दिलं, भैरूचं ऐकून वाईट वाटल्याचं सांगितलं आणि चाकू मांडले. रंभाबाईनं प्यायच्या पाण्याचा तांब्या मागितला. पिण्यासाठी नाही, तिनं ते पाणी साहिलच्या डाव्या हातावर ओतलं, मग पिशवीतून साबणाची वडी काढून त्याच्या तळव्याला चोळली. उजवा हात पाठीमागं घ्यायला लावला. म्हणाली, "डोळे मीट आन् उगड."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती बघू लागली. साहिलला लाज वाटली. पहिला चाकू त्याच्या हातून निसटून फरशीवर पडला. दुसरा उघडलाच नाही. तिसऱ्याला तो वैतागला आणि डोळे उघडून म्हणाला, "आये, बास कर. मी बुडनार न्हाई."

"तुझा बा बी असंच म्हनायचा," रंभाबाई म्हणाली. मग जे तिनं चार महिने तोंडातून काढलं नव्हतं ते हैबतरावांच्या दुकानात, उभ्या उभ्या बोलली. "त्यानला एका हातानं उगडनारा पायजे हुता. हितंच, ह्याच फळीवर हुता. मी घिऊ दिला न्हाई. मी त्यो घट्ट घ्यायला लावला. तुझा बा माझ्या पसंतीनं मेला, साहिल."

साहिल साबणाचा हात तसाच पुढं धरून उभा होता. हैबतराव बराच वेळ कागदाची घडी नीट करत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "वैनी, वापरून सैल हुईल असं मी म्हनलो हुतो." एवढंच. गिऱ्हाइकं निघून गेली.

रंभाबाईनं उरलेल्या चाकूंकडं बघितलं. एकेक उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. पूर्वी तिला एवढा वेळ कधी लागत नसे. तिचा हात थांबला. "माझ्यानं हुनार न्हाई," ती म्हणाली. "तूच बघ."

साहिलनं मग न सांगता डोळे मिटले. तिनं पुन्हा पाणी ओतलं. एकेक करून त्यानं सगळे चाकू डाव्या हातानं उघडून बघितले, कितीतरी वेळ. शेवटी एक ठेवून घेतला. नारिंगी प्लॅस्टिकची खडबडीत मूठ, पात्याला अंगठ्यापुरतं भोक, उघडलं की पातं अडकून राहील असा खटका, आणि दोरी ओवायला कडी. दिसायला तो खेळण्यासारखा होता. रंभाबाईनं तो हातातही घेतला नाही.

येताना एसटीत साहिल बोलला नाही. पुढचे दिवसही तो तिच्याशी कामापुरतं बोले. सकाळी चाकू गळ्यात अडकवून जाई, जेवायच्या वेळेला परत येई, ताट पुढं आलं की खाली बघून जेवी. तिला वाटलं, आता हे असंच राहणार, आणि तिनं ते मनाशी धरूनही टाकलं. त्याला समजावायला ती गेली नाही.

महिना झाला असेल. एका सकाळी दोघं काठावर जाळं साफ करत बसली होती. चिलापी बरी लागली होती, मासे वेगळे काढून क्रेटमध्ये टाकायचं चाललं होतं. साहिल जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला, "दिवाळीला मी बघितलं हुतं."

"काय?"

"आबा चाकू दातानं उगडत हुते. मी म्हनलं, आबा, दुसरा घ्या की. तर म्हनाले, तुझ्या आईनं पारखून घेतलाय, ऱ्हाऊ दे." त्यानं जाळ्यातली एक काटकी मोडून काढली. "मी मग काय बोललो न्हाई. आनून द्यायला पायजे हुता मी. पगार हातात हुता."

रंभाबाईच्या हातातला मासा तडफडत होता. तो तिनं क्रेटमध्ये टाकला.

"हासून म्हनाले का रागानं?" तिनं विचारलं.

"हासून."

तिनं मान खाली घातली. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. राग तिला सोसला असता. साहिलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायला त्याचे हात माशांच्या खवल्यांनी भरलेले होते. रंभाबाई सरकून त्याच्याजवळ गेली, आपल्या पदरानं त्याचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा दाबूनच. तो बसून राहिला.

"तुझं काय चुकलं न्हाई," ती म्हणाली. माझं चुकलं, असं ती पुढं म्हणाली नाही, आणि त्यानंही, तुझं नाही चुकलं, असं म्हटलं नाही.

ऊन वर आलं तसं साहिलनं क्रेटवर ओलं गोणपाट टाकलं, तो गाडीला बांधला आणि हॉटेलांना मासळी द्यायला निघून गेला. जाळं अजून निम्मं राहिलं होतं. रंभाबाईनं ते मांडीवर ओढून घेतलं आणि जाळ्याच्या एकेका घरातून काटक्या, शेवाळ, शिंपले काढत ती दुपारपर्यंत तिथंच बसली.