थायलंडच्या हळदीला धवलारीण नको

आज भिवंडीत पुतण्याने त्याच्या लग्नाच्या पाहुण्यांना बोलावून सल्ले दिले. लग्न थायलंडला आहे. पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा, गोळ्यांसोबत डॉक्टरची चिठ्ठी घ्या, सुके बोंबील आणू नका. इथवर ठीक होतं.

मग म्हणाला, "हळदीला आपली गाणी नकोत. हॉटेलात बरं दिसत नाही."

समोर आमची म्हातारी आत्या बसली होती. ती धवलारीण. अठ्ठ्याहत्तर साली माझं लग्न तिनेच धवले, म्हणजे आमची लग्नाची गाणी, गाऊन लावलं होतं. या लग्नासाठी तिने आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढला.

ती एवढंच म्हणाली, "मंग माझं तिकडं कायीच काम न्हाय."

सगळे पुतण्याकडे विमानातली खिडकीची जागा मागू लागले. मीही मागितली. तेव्हापासून स्वतःचीच किळस येतेय. तुम्ही तिच्या बाजूने बोलला असतात?