मामांची बोटं आणि अर्धशिशीची गोळी

जी वस्तू हाताला लागत नाही ती जगात आहे, हे माझ्या मामेसासऱ्यांना पटवून देणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या गिरणीत, ते कापसाचे पारखी होते. सरकी काढलेल्या रुईची चिमूट घ्यायची, दोन्ही हातांच्या बोटांत हलकेच ताणायची आणि डोळे मिटून प्रत सांगायची, हे त्यांचं काम. पण ते काम जिनच्या फाटकाशी सोडून घरी येणं त्यांना कधी साधलं नाही. लग्नाच्या पंगतीत ते शेजाऱ्याच्या उपरण्याचं टोक चिमटीत धरूनच जेवत. एकदा एसटीत पुढच्या बाकावरच्या अनोळखी माणसाची कॉलर त्यांनी मागून चाचपली. तो "चोर, चोर" म्हणून ओरडला, तेव्हा राग मामांनाच आला. त्या कापडात चोरण्यासारखं काय आहे, हे त्याला विचारत ते नांदुऱ्यापर्यंत भांडले. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा नाव, शिक्षण काही न विचारता त्यांनी माझ्या कोटाची बाही कुरवाळली आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "कोट मांगून आनला हाय, पन पोरगा बरा हाय." कोट खरोखरच मागून आणलेला होता. माझं लग्न त्या वाक्याच्या उत्तरार्धावर जमलं.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं आणि मी नवकवी होतो. शाळेत मराठी शिकवायचो आणि घरी कविता लिहायचो. मुंबई-पुण्याचे संपादक त्या इतक्या तत्परतेने परत पाठवत, की पोस्टमन मला आमच्या घरचाच वाटू लागला होता. मामांना साहित्याचं दुखणं नव्हतं, पण अर्धशिशीचं होतं. डोकं उठलं की ते ओला पंचा बांधून अंधाऱ्या खोलीत पडत आणि बाहेरच्या कावळ्यांना शिव्या देत. मग गावातल्या डॉक्टरांनी त्यांना एक गोळी दिली. दुखायला लागताच एक घ्यायची, रोज मात्र घ्यायची नाही. तिने कावळ्यांची सुटका झाली.

त्याच सुमारास एका मासिकात माझ्या वाचनात आलं, की ही गोळी राय नावाच्या परदेशी धान्यावरच्या काळ्या बुरशीपासून करतात. तिला अरगट म्हणतात. आपल्याकडे बाजरीवर येते तिचीच ही बहीण. पुढे लिहिलं होतं, की याच अरगटापासून तिकडे एक असं द्रव्य काढलंय, की ते घेतल्यावर भिंती श्वास घेतात आणि आवाजांचे रंग दिसतात. माझी प्रतिभा का अडली आहे ते मला तत्काळ कळलं. मी धावत मामांकडे गेलो आणि एक गोळी मागितली.

"डोकं दुखून राह्यलं काय?"

"नाही मामा. रंग पाहायचे आहेत."

मामांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि गोळी दिली. भर दुपारी ओट्यावर मी वही मांडीवर घेऊन बसलो. मामा समोर बसून दर थोड्या वेळाने विचारत, "भिंत काही हालली काय, जावईबापू?" भिंत हलली नाही. माझं पोट मात्र हललं. संध्याकाळपर्यंत मी न्हाणीघरात होतो आणि त्या दिवशीची माझी एकमेव निर्मिती साऱ्या आळीला ऐकू गेली.

शेवटी मामाच मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर आधी पोटभर हसले. "अहो मास्तर, बुरशी एक असली म्हणून औषध एक होत नाही. ते रंगांचं द्रव्य वेगळं. ही गोळी रक्तवाहिन्या आवळते, म्हणून डोकं दुखायचं थांबतं. यातलंच एक औषध बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला देतात. हिच्यात नशा नाही, पण धोका आहे. पूर्वी तिकडे ही बुरशी लागलेलं धान्य खाऊन माणसं भ्रमिष्ट झाली आहेत, कुणाचे हातपाय झडले आहेत. गोळीही जास्त झाली, तर बोटांना रक्त पोचत नाही. बोटं गार पडतात, बधिर होतात. पुढे काळी पडून कापावीही लागतात."

मी मान हलवत होतो. मामांनी विचारलं, "जास्त म्हंजे किती, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांचं हसू थांबलं. "तुम्ही किती घेता?"

"रोजच घेतो. कधी दोन. नाई घेतली का डोकं उठते, मंग काय करू?"

डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला. बोटं पांढरीफटक होती. मनगटावर ते बराच वेळ नाडी शोधत राहिले. मग मामा खाली बघत म्हणाले, "महिना झाला, कापूस हाताले लागून नाई राह्यला. डोयानं पाहून सांगतो. कोनाले बोललो नाई."

ज्या माणसाने एसटीतल्या कॉलरीही सोडल्या नव्हत्या, त्याने महिनाभर कुणाच्या कपड्याला हात लावला नव्हता, आणि त्याच घरात रोज ऊठबस असलेल्या कवीच्या ते लक्षात आलं नव्हतं.

गोळी त्याच दिवशी बंद झाली. गोळीनेच रोजची डोकेदुखी लागली होती, असं डॉक्टर म्हणाले. पण ती सुटताना मामांचे फार हाल झाले. ते अंधारात कण्हत पडायचे. मामी त्यांचे हात उबदार घोंगडीत धरून बसायच्या. मी शाळेतून सरळ तिथे जाई, पण काळं पडलेलं बोट आधी मलाच दिसेल या भीतीने दारातूनच विचारी, "आज कसंय?" मामा म्हणत, "हायेत दहाही. मोजून घ्या."

हळूहळू बोटांवर रंग आला. डाव्या करंगळीचं टोक तेवढं बधिर राहिलं. पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा मी त्यांना जिनमध्ये घेऊन गेलो. अंगणात पांढरेशुभ्र ढीग उन्हात पडले होते. मामांनी एका ढिगातून चिमूट उचलली, ताणली आणि डोळे मिटले. जिनचे शेटजी वाट पाहत होते.

"काय प्रत, मामा?"

"थांबा ना शेटजी," मामा डोळे न उघडता म्हणाले, "आज नुसतं लागू द्या हाताले."

मग त्यांनी ती चिमूट माझ्या तळहातावर ठेवली आणि मोठ्या आशेने माझ्याकडे पाहिलं. मी बोटं फिरवली. मला नुसता कापूस लागला. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही कुठे रुई दिसली की मी चिमूटभर उचलतो, डोळे मिटतो. नुसता कापूसच लागतो. पण चटकन खाली ठेववत नाही.